वरच्या मजल्याची बरणी

१

वरच्या मजल्याची बरणी रात्रीतून निम्म्यावर आली होती.

आदल्या रात्री जेवणं उरकली तेव्हा तिच्यातले हिरवे मणी लाल रेघेला टेकायचेच काय ते बाकी होते. वसतिगृहातल्या प्रत्येक पोराने ते जाता-येता पाहिलं होतं. वरच्या मजल्याने तर विजयाची घोषणाबाजीही उरकून घेतली होती. आणि सकाळी नाश्त्याला येऊन बघतात तर मेसच्या दारातल्या टेबलावर बरणी होती तिथेच होती, झाकण घट्ट होतं, आणि मणी मात्र पार खाली गेले होते. शेजारची खालच्या मजल्याची बरणी, नारिंगी मण्यांची, जशीच्या तशी.

मग काय विचारता. वरचे खालच्यांना चोर म्हणाले, खालचे वरच्यांना रडे म्हणाले, आणि कुणीतरी कुणावर तरी केळ्याचं साल फेकलं. फळांवर हात टाकायलाही जी पोरं तयार नव्हती, ती आता निदान सालं फेकत होती, एवढीच काय ती प्रगती, असं रेक्टर म्हणाले.

ते ज्या मुलीला उद्देशून म्हणाले ती वसतिगृहाची आहारतज्ज्ञ. नोकरीला लागून एकच सत्र झालेलं. ती आली तेव्हा इथली पोरं तळलेले बटाटे, पाव आणि बाटलीतलं गोड पाणी यांवर जगत होती, आणि भाजीकडे औषधाकडे बघावं तशी बघत होती. तिने व्याख्यान दिलं, पोरं झोपली. तिने भिंतीवर चित्रं लावली, पोरांनी गाजराला मिशा काढल्या. मग तिने डोकं लढवलं आणि खेळ काढला. ताटात सॅलड, शिजवलेली भाजी आणि फळ घ्यायचं, ताट स्वच्छ करून दाखवायचं, की एक लाकडी मणी मिळणार. तो आपल्या मजल्याच्या बरणीत, झाकणाच्या फटीतून टाकायचा. ज्या मजल्याची बरणी आधी रेघेला टेकेल त्याला नवंकोरं टेबल टेनिसचं टेबल, आणि खेळ समाप्त. जी पोरं आईच्या विनवण्यांना बधली नव्हती ती एका मण्यासाठी दुधी खायला लागली.

रेक्टरांना हा पोरखेळ पहिल्यापासून पटला नव्हता. "हे बघा," ते म्हणाले, "तुम्हाला पुढे ठेवायचं की नाही, ते मला आज रात्री संस्थेला कळवायचंय. संध्याकाळच्या जेवणापर्यंत चोर समोर आणा. नाहीतर दोन्ही बरण्या अडगळीत जातील आणि खेळ संपला असं मी लिहीन. त्यापुढे तुमची इथे गरज काय, ते तुम्हीच सांगा."

ती बिचारी कोपऱ्यात गेली, डोळे पुसले, आणि मावशीला फोन लावला.

२

मावशी दाताची डॉक्टर. दोन गल्ल्या सोडून तिचा दवाखाना होता. फोन आला तेव्हा तिने एका गृहस्थाच्या तोंडात कापूस कोंबलेला होता आणि ते गृहस्थ आपण दिवसातून दोनदा दात घासतो असं खुणांनी सांगत होते. जन्मभर लोकांच्या तोंडात बघून मावशीचं एक मत पक्कं झालं होतं. माणूस काय बोलतो ते ऐकून घ्यावं, पण विश्वास दिसेल त्यावर ठेवावा. गृहस्थांना वाटेला लावून ती वसतिगृहात आली. भाचीच्या पाठीवर थोपटलं आणि सरळ बरणीपाशी गेली.

बरणी चांगली घागरीएवढी होती, रुंद तोंडाची. खालच्या अर्ध्या भागाला चकचकीत हिरवा कागद गुंडाळून त्यावर मजल्याचं नाव आणि एक वाघ काढला होता. वरचा अर्धा भाग मोकळा, काचेचा. मणी आता कागदाच्या जेमतेम वर दिसत होते.

"हा वाघ कुणी काढला?"

"वरच्या मजल्याच्या कप्तानाने. खेळ सुरू व्हायच्या आधी बरण्या दोन्ही कप्तानांच्या खोल्यांत दिल्या होत्या, सजवायला," भाची म्हणाली. "खालच्या बरणीवरचं बदक वाटतं ना, तो चित्ता आहे."

मावशीने झाकण काढलं आणि आत पाहिलं. "मणी दोन रंगांचे कसे गं? काही फिके, काही गडद."

"रंग मीच दिला घरी. मध्येच संपला, दुकानात तोच मिळेना, मग गडद घेतला. तो मेला नीट वाळतच नाही, अजून बोटांना लागतो." भाचीने आपली हिरवी बोटं दाखवली. "प्रत्येक बरणी रेघेपर्यंत भरून बघितली आणि तेवढेच मणी पिशव्यांत घातले. फिक्यांची पिशवी छोटी, ती आधी संपवली. गडदांची मोठी, ती आता चालू आहे."

"म्हणजे काल बरणी कशी दिसत होती?"

"दोन पट्टे. खाली फिका, वर गडद. पोरं म्हणायची, वाघाच्या डोक्यावर शेत उगवलंय."

मावशीने पुन्हा आत पाहिलं. फिके आणि गडद मणी एकमेकांत असे मिसळले होते की कुठला पट्टा आणि कुठलं काय. ती गप्प झाली. भाची तिला लहानपणापासून ओळखत होती. मावशी गप्प झाली की कुठेतरी काहीतरी किडलेलं सापडलेलं असतं.

"चोराने वरून मूठ-मूठ मणी उचलले असते," मावशी हळूच म्हणाली, "तर आता बरणीत काय उरलं असतं?"

भाचीने विचार केला. तिचा चेहरा बदलला.

३

आचारी मोठ्या सुरीने कोबी चिरत होता. त्याच्या समोर कोबीचा डोंगर होता आणि कपाळावर आठ्यांचा.

"मला विचारताय, बाई? मी तर देवाला हात जोडत होतो की ही बरणी एकदाची भरू दे. आधी बटाटे कढईत टाकले की मी मोकळा. आता चिरा, सोला, किसा. वर पोरं येऊन सांगणार, काका, आज बीट जाड झालं." तो कुरकुरत होता, पण 'जाड झालं' म्हणताना त्याला हसू आवरलं नाही.

"मणी तुम्हीच देता ना?"

"मीच. मॅडम बरणी बघतात, मी पिशवी बघतो." त्याने खुंटीवरची वरच्या मजल्याची पिशवी काढून तिच्या हातात दिली. ती चांगली जड होती. मावशीने ती थोडी तोलून धरली, आत हात घातला, गडद रंगाने माखलेली बोटं बाहेर काढली आणि पिशवी परत दिली.

"पहाटे मेस कोण उघडतं?"

"दूध येतं तेव्हा मी उघडतो. मग मी मागे शेगडी पेटवतो. पुढचं दार उघडंच असतं. व्यायामाची पोरं पाणी प्यायला येतात, कुणी चहा मागायला येतं. मी काय प्रत्येकाच्या मागे फिरू?"

एवढ्यात बाहेर गलका झाला. रेक्टर खालच्या मजल्याच्या कप्तानाला दंडाला धरून आणत होते. त्याला सगळे काडी म्हणत. तो वाऱ्याने उडू नये म्हणून खिशात पुस्तकं ठेवतो, अशी अफवा होती. रेक्टरांच्या दुसऱ्या मुठीत काहीतरी होतं. त्यांनी ती टेबलावर उघडली.

हिरवे मणी घरंगळले.

"याच्या कपाटात मिळाले," रेक्टर म्हणाले. "मोज्यांच्या आत. झालं तुमचं रहस्य."

४

काडीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मावशीने त्याला खुर्चीवर बसवलं आणि सवयीने म्हणाली, "आ कर." त्यानेही सवयीने केला. तिने दात पाहिले, मान डोलावली आणि मगच विचारलं, "हे मणी कुठे मिळाले तुला?"

"नळापाशी. वाढायच्या टेबलाखाली. सकाळी मी पहिला आलो होतो. पायाखाली मणी आला, वाकून बघितलं तर आणखी होते. ते उचलले आणि वर बघतो तर बरणी खाली गेलेली." त्याने टेबलावरच्या मण्यांकडे बोट केलं. "खालच्या मजल्याचा कप्तान आणि हातात वरच्यांचे मणी. मी खरं सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं का, मॅडम?"

"आम्ही नसतं ऐकलं," दारात जमलेल्यांपैकी वरच्या मजल्याचा एक जण प्रामाणिकपणे म्हणाला.

"मलाही ऐकायचं नाही," रेक्टर म्हणाले.

"मला ऐकायचंय," मावशी म्हणाली. "एवढी मोठी बरणी निम्मी झाली, आणि याच्याकडे मूठभर मणी. बाकीचे कुठे गेले? मोज्यात तर मावणार नाहीत. शिवाय एवढे मणी चोरून नेणारा माणूस नळापाशी काय करत होता? तिथे जागा मोकळी आहे, खाली बादली आहे. काहीतरी ओतायचं असेल तरच माणूस तिथे जातो. सर, मला वरच्या मजल्याच्या कप्तानाची खोली बघायचीय."

"त्याची? अहो, त्याचे तर मणी गेले."

"म्हणूनच," मावशी म्हणाली आणि जिना चढू लागली.

५

वरच्या मजल्याच्या कप्तानाला पहिलवान म्हणत, आणि त्यात थट्टा नव्हती. दारातून तो आत येई तेव्हा उजेड कमी होई. खोली मात्र नीटनेटकी होती. टेबलावर सफरचंद, खिडकीत पाण्याचा तांब्या, आणि वरच्या फळीवर ताकदीच्या पावडरीचे रिकामे डबे ओळीने मांडलेले. पहिलवान उभा राहिला. त्याने मावशीकडे पाहिलं, रेक्टरांकडे पाहिलं, पण फळीकडे पाहायचं कटाक्षाने टाळलं.

मावशीने मग फळीकडेच पाहिलं. सगळ्या डब्यांवर धुळीची साय होती. एकच डबा लख्ख पुसलेला होता.

तिने तो खाली काढला. पुसलेला असला तरी त्याच्या अंगावर बारीक ओरखडे होते आणि ओरखड्यांत हिरवा रंग बसला होता, कुठे फिका, कुठे गडद.

रेक्टरांचे डोळे चमकले. "म्हणजे हाच. आपल्याच मजल्याचे मणी चोरून या डब्यातून आणले. कुठे लपवलेस रे?"

एवढं मोठं पोरगं, पण कान लाल झाले होते.

"सर, जरा थांबा," मावशी म्हणाली. तिने डब्याचं झाकण उघडून तो रेक्टरांच्या नाकासमोर धरला. आत पांढराशुभ्र पत्रा होता. रंगाचा ठिपकाही नव्हता. "मणी आत भरले असते तर रंग आत लागला असता. हा बाहेरून हिरवा आहे आणि आतून कोरा. हा डबा मण्यांत होता, मणी डब्यात नव्हते."



६

पुढचं सगळं मावशीने मेसमध्ये, सगळ्यांसमोर सांगितलं. पोरं बाकांवर, टेबलांवर, एकमेकांच्या मांडीवर बसली होती. रेक्टर हाताची घडी घालून उभे होते. आचारी सुरी खाली ठेवून आला होता.

"एकही मणी चोरीला गेलेला नाही," तिने सुरुवात केली.

पोरांत कुजबुज झाली. तिने ती होऊ दिली.

"बरणीत आज फिके आणि गडद मणी मिसळलेत. वरून चोरी झाली असती तर गडद मणी आधी गेले असते आणि खाली नुसते फिके उरले असते. मिसळले कधी? कुणीतरी बरणी पूर्ण रिकामी करून पुन्हा भरली तेव्हा. नळापाशी, बादलीत. घाईत थोडे सांडले, ते काडीला मिळाले. आता मला सांगा, चोराला सगळी बरणी उपसायची काय गरज? वरचं घेतलं आणि निघाला. तळापर्यंत तोच जातो ज्याला तळातलं काहीतरी हवं असतं."

तिने खुंटीवरची पिशवी मागवून टेबलावर ठेवली.

"माझी भाची रोज बरणी बघत होती. आचारीकाका रोज पिशवी बघत होते. दोन्ही एकत्र कुणीच बघितलं नाही. पिशव्यांतले सगळे मणी मिळून एक बरणी भरते. मग काल बरणी भरत आली होती तर ही पिशवी संपत यायला हवी होती. ही तर अजून पाऊण भरलेली आहे. उरलेले मणी इथेच आहेत, अजून कुणी मिळवलेच नाहीत. काल बरणी भरलेली दिसत होती, कारण आत, वाघाच्या कागदामागे, एक डबा बसला होता. तो पहिल्या दिवसापासून तिथे होता. आज पहाटे तो बाहेर निघाला."

सगळ्यांच्या माना एकदम पहिलवानाकडे वळल्या. तो उठला. मावशीला वाटलं होतं की तो हात झटकेल. तिने उत्तरही तयार ठेवलं होतं, पण ते वापरावं लागलं नाही.

"मीच ठेवला होता," तो म्हणाला. "बरणी सजवायला खोलीत आली तेव्हा. मला हे सगळं गवत वाटायचं. म्हटलं, लवकर जिंकू, टेबल घेऊ आणि बटाट्यांकडे परत जाऊ." त्याने हिरव्या बरणीकडे पाहिलं. "पण मजल्यावरची पोरं खरंच खायला लागली. एक जण परवा धावत आला, म्हणाला, कप्तान, आज मी भोपळा संपवला, जन्मात पहिल्यांदा. मणी टाकताना त्याचा चेहरा बघवत नव्हता मला. त्याचा मणी खरा, आणि खाली माझा डबा खोटा. आज रेघ आली असती. तुम्ही सगळ्यांनी मला खांद्यावर घेतलं असतं."

"तुला कोण उचलणार होतं?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. पहिलवानही ओशाळून हसला.

"सांगायला हवं होतं," तो भाचीकडे बघून म्हणाला. "धीर झाला नाही. डबा काढला की झालं, असं वाटलं. इतकी खाली येईल हे डोक्यातच आलं नाही. सॉरी, मॅडम."

भाची काही बोलणार इतक्यात काडी उठून दोन्ही बरण्यांपाशी गेला. त्याने नारिंगी बरणीला नाक लावलं, मग हिरवीला. "थांबा," तो म्हणाला. "म्हणजे खरं बघायला गेलं तर आम्ही पुढे आहोत?"

खालच्या मजल्याने जो आरडाओरडा केला त्याने खिडक्यांची तावदानं थरथरली.

तो थांबल्यावर रेक्टर बोलले. "छान. चोरी नाही, पण लबाडी आहेच. मला सुरुवातीपासून हेच म्हणायचं होतं. ही मुलं भाजी खात नाहीत, मणी मिळवतात. बरण्या आत ठेवा. पिशव्याही. आज रात्री मणी नाही, बक्षीस नाही. दोन्ही पराती समोर ठेवा, एकीत बटाटे, एकीत तुमचं सॅलड. सॅलडची परात भरलेली परत गेली, की मी पत्र लिहायला घेतो."

मावशीने भाचीचा हात धरला. चोर शोधणं मावशीच्या हातात होतं. हे नव्हतं.

७

संध्याकाळी मेसचं दार उघडलं तेव्हा दारातलं टेबल रिकामं होतं. रांगेतला पहिला मुलगा तिथे क्षणभर घुटमळला, पुढे गेला आणि भरघोस बटाटे घेतले. दुसऱ्याने बटाटे घेतले. तिसऱ्यानेही. रेक्टर भिंतीला टेकून शांतपणे बघत होते. भाचीने मान खाली घातली आणि आपल्या हिरव्या बोटांवरचा रंग नखाने खरवडायला लागली.

"वर बघ," मावशी म्हणाली.

"नको."

"अगं, बघ तरी."

पहिला मुलगा बटाट्यांचं ताट घेऊन पुन्हा रांगेत शिरत होता आणि मागचे त्याला शिव्या घालत होते. "गाजर राहिलं रे," तो म्हणत होता, "बाजूला व्हा ना." मग कुणीतरी बीट मागितलं. कुणीतरी काकडीवर लिंबू पिळायला मागितलं. एकाने ताट संपवून सवयीने आचाऱ्यापुढे हात पसरला, आचाऱ्याचा हात सवयीने रिकाम्या खुंटीकडे गेला, आणि दोघं एकमेकांकडे बघून हसत सुटले. तो मुलगा मण्यावाचून परत गेला आणि जाता जाता एक सफरचंद घेऊन गेला. पहिलवान आणि काडी परातीच्या दोन बाजूंना उभे राहून, आपल्या मजल्याला कमी पडतंय म्हणून भांडत होते. बटाटे संपले नव्हते असं नाही. तेही संपले, पण नंतर.

गर्दी ओसरली तेव्हा रेक्टर भिंतीपासून हलले. त्यांनी एक ताट घेतलं आणि सॅलडच्या परातीपाशी गेले. परातीत कोथिंबिरीच्या दोन काड्या होत्या आणि बीटचं लाल पाणी. ते बराच वेळ त्या पाण्याकडे बघत उभे राहिले.

"माझ्यासाठी काहीच ठेवलं नाही?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, खरीच तक्रार होती, भूक लागलेल्या माणसाची.

"साहेब, मी काय करू," आचारी म्हणाला. "पोरांनी परात पुसून नेली."

रेक्टरांनी रिकामं ताट टेबलावर ठेवलं आणि भाचीकडे वळले. ती उभी राहिली. मावशीही, स्वतःच्या नकळत, उभी राहिली.

"मॅडम," रेक्टर म्हणाले, "उद्यापासून यांना जास्त चिरायला सांगा. आणि चिरायला एक माणूस वाढवून लागेल, तेही मी आजच्या पत्रात लिहितो. तुमच्या नावाखालीच."